आजीच्या नावापुढे अ. पा. क.

आमच्या सजाच्या तलाठी कार्यालयात गेल्या कापसाच्या हंगामाआधीच्या हंगामात घडलेला एक प्रसंग अनेक दिवस लिहायचा राहिला होता. समाजकार्यकर्ती म्हणून मी एका निराधार म्हाताऱ्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिथे बसले होते. पन्नाशीकडे झुकलेला एक शेतकरी सातबाऱ्याची छापील प्रत हातात धरून तलाठीसाहेबांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मायच्या नावापुढं माहं नाव अपाक म्हनून लावून द्या ना." साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. "काहून? तुही माय का अज्ञान हाये?" बाकावरचे चारपाच जण हसले. शेतकरी मात्र हसला नाही. "अज्ञानच झाली ना आता," असे तो खाली पाहून म्हणाला.

ज्यांनी सातबारा नीट वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जमीन अठरा वर्षांखालील मुलाच्या नावावर असेल, तर त्याच्या नावाजवळ अ. पा. क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अशी नोंद करून पालकाचे नाव लिहिले जाते. कायद्याच्या मराठीत अज्ञान याचा अर्थ वयाने लहान, एवढाच आहे. अडाणी किंवा वेडा असा नाही. त्या शेतकऱ्याने मात्र त्या शब्दाचा अगदी सरळ अर्थ घेतला होता. त्याच्या आईला आता काही कळत नाही, तिच्या नावे अडीच एकर वावर आहे, त्या वावरावर पीककर्ज आहे, आणि बँकेत अंगठा लावताना ती अधिकाऱ्याला आपला मेलेला भाऊ समजून त्याच्याशी बोलत बसली. अधिकाऱ्याने कागद बाजूला ठेवला आणि 'पालक म्हणून न्यायालयाचा आदेश आणा' असे सांगितले. तेव्हा पालकाचा जो एकमेव कागद याने आयुष्यात पाहिला होता, त्याच्या शोधात तो तलाठ्याकडे आला होता.

तलाठीसाहेबांनी त्याला परत पाठवले, आणि ते बरोबरच होते. बँकेचा अधिकारीही बरोबर होता, कारण समोरच्या बाईला आपण कशावर अंगठा लावतो आहोत हे समजत नसेल, तर तो अंगठा घेणे हीच फसवणूक ठरते. सगळेच आपापल्या जागी बरोबर असताना तो माणूस मात्र तीन कार्यालयांच्या मध्ये उभा राहिला होता. मी बाहेर येऊन त्याला चहा पाजला आणि घरचा पत्ता लिहून घेतला.

म्हाताऱ्या माणसाचा पालक हा शब्द आपल्याला पचायला जड जातो, कारण आपल्या बोलण्यात पालक म्हणजे शाळेच्या सभेला जाणारे आईबाप. कायद्याचीही अवस्था फारशी वेगळी नाही. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, हे दोन्ही लहान मुलांसाठीच आहेत. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाला चौकशी करून मानसिक आजारी व्यक्तीसाठी पालक आणि तिच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमता येत असे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या नातेवाइकांना तेवढी एक वाट होती. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला आणि जुना कायदा गेला. नव्या कायद्यात रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवता येते, प्रत्येक माणूस निर्णयक्षम आहे असे आधी गृहीत धरले जाते. या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. पण त्यात मालमत्तेविषयी शब्दही नाही, त्यामुळे पीककर्जाच्या नूतनीकरणाला त्या कायद्याचा काडीचा उपयोग नाही.

१९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा जिल्हाधिकाऱ्यांसह तीन जणांच्या स्थानिक समितीला पालक नेमण्याचा अधिकार देतो खरा, परंतु तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांपुरताच आहे; म्हातारपणी विसर पडू लागलेल्या माणसाला त्यात जागा नाही. जिथे कायदा गप्प आहे तिथे उच्च न्यायालये संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील अधिकार वापरून पालक नेमत आली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेशुद्धावस्थेतील रुग्णांसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी, महसूल अधिकाऱ्याकडून मालमत्तेची व कुटुंबाची चौकशी आणि पालकाने दर सहा महिन्यांनी न्यायालयाला द्यायचा अहवाल या गोष्टी आहेत. पण अडीच एकर कोरडवाहू वावरासाठी नागपूर खंडपीठात याचिका दाखल करा, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

गावाने अर्थात आपली उत्तरे आधीच काढलेली असतात. पहिले उत्तर मुखत्यारपत्र. त्या शेतकऱ्याला तालुक्यातल्या एका अर्जनविसाने तेच सुचवले होते आणि पैसेही सांगितले होते. यातली मेख बहुतेकांना ठाऊक नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकल मनाची झाली की मुखत्याराचा अधिकार तिथेच संपतो, म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस तो कागद करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. ज्याची समज आधीच गेली आहे त्याच्याकडून मुखत्यारपत्र घेणे तर मुळातच खोटे. दुसरे उत्तर बक्षीसपत्र. राहते घर आणि शेतजमीन मुलाबाळांच्या नावे करण्यासाठी महाराष्ट्रात केवळ २०० रुपये मुद्रांक शुल्क आहे, त्यामुळे 'करून टाका एकदाचं' असे सांगणारे पारावर पुष्कळ भेटतात. आणि तिसरे उत्तर, ज्याची कुठेच नोंद होत नाही: म्हातारीचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबायचा, कागदावर टेकवायचा आणि मग तिचा हात तिच्याच पदराला पुसायचा. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. ज्यांनी केले ते दुष्ट लोक नव्हते. त्यांना बियाणे घ्यायचे होते.

आता माझी चूक सांगते. मी समाजकार्याची पदवी नागपुरात घेतली, आणि गृहभेट व सामाजिक चौकशी अहवाल हे तिथे इतके घोटून घेतले होते की मला त्यात कोणी नाव ठेवील असे वाटलेही नव्हते. मी त्या घरी गेले. ओसरीवर खाट टाकली गेली, चहा झाला, मुलगा आणि सून दीड तास बोलले. आजींचा आजार कधीपासून, रात्री उठून नाल्याकडे कशा गेल्या, धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे आणि वर्षातून एकदा येतो, बहीण वर्धेकडे दिलेली आहे, कर्ज किती, खर्च किती, हे सगळे मी टिपून घेतले. आजी आतल्या दारात बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहून एकदा हसले, नमस्कार केला, आणि त्यांना काही विचारणार तेवढ्यात सून म्हणाली, "त्यायले काय इचारता मॅडम, त्यायले कुठं समजते?" मी वही मिटली.

चार पानांचा अहवाल तयार झाला. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले त्या ज्येष्ठ बाईंना मी तो दाखवला. त्या निवृत्त झाल्या आहेत, पण लाल पेन अजून त्यांच्याजवळ असते. त्यांनी वाचला, मागची बाजू उलटून पाहिली आणि विचारले, "यात म्हातारी कुठे आहे?" मी म्हणाले, पहिल्याच ओळीत आहे, वय, नाव, वैवाहिक स्थिती. त्या म्हणाल्या, "ते तर सातबाऱ्यावरही आहे."

दुसऱ्या खेपेला मी सकाळी आठ वाजता गेले. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांना दुपार उतरली की गोंधळायला होते आणि सकाळी ते त्या मानाने जाग्यावर असतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरी पहिल्या भेटीला मी माझ्या बसच्या सोयीने संध्याकाळी पाच वाजता गेले होते. आजी अंगणात कापसाच्या ढिगापाशी बसल्या होत्या. त्या बोंडातून निघालेला पांढरा कापूस एका बाजूला आणि किडका, पिवळा पडलेला कापूस, ज्याला आमच्याकडे कवडी म्हणतात, तो दुसऱ्या बाजूला टाकत होत्या. मी त्यांच्याजवळ बसून तेच करू लागले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या बाजूच्या पांढऱ्या ढिगातून दोन पुंजके उचलले आणि काही न बोलता कवडीत टाकले. मला पंचवीस वर्षे लहान असताना शिकवायला हवे होते अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले.

अर्धा तास मी काहीच विचारले नाही. मग वावर कोणाचे, एवढेच विचारले. "माहं," त्या म्हणाल्या. "बुढ्यानं मले देल्लं." नवरा कधी गेला ते त्यांना सांगता आले नाही, तो बाजारात गेला आहे असेही एकदा त्या म्हणाल्या. वावर कोण कसतो हे मात्र त्यांनी बरोबर सांगितले. "मोठा कसते. कसू दे. पन इकू नोका." आणि बराच वेळ गेल्यावर, मी वही बंद करून उठत असताना, स्वतःहूनच: "पोरीले काही तरी द्या. तिले म्या काहीच नाही देल्लं." हे वाक्य त्यांनी त्यानंतरच्या दोन भेटींतही, जवळजवळ याच शब्दांत, म्हटले. नवरा जिवंत आहे की नाही हे ज्या बाईला ठाऊक नाही, तिची वावराविषयीची इच्छा तीन वेगवेगळ्या दिवशी तीच राहते, याची नोंद माझ्या पहिल्या अहवालात असणे शक्यच नव्हते.

निर्णयक्षमता ही दिव्याच्या बटणासारखी चालू किंवा बंद नसते. नोटा मोजता न येणारा माणूस आपण कोणाकडे राहायचे हे सांगू शकतो. कर्जाचा कागद न समजणाऱ्या आजींना वावर विकायचे नाही हे समजते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या कलम १४ मागे हाच विचार आहे. पुरेसे साहाय्य देऊनही ज्या व्यक्तीला कायद्याने बंधनकारक असे निर्णय घेता येत नाहीत, तिला जिल्हा न्यायालय किंवा राज्य शासनाने ठरवलेले प्राधिकरण मर्यादित पालकाचे साहाय्य देऊ शकते. ही मर्यादा विशिष्ट काळाची, विशिष्ट निर्णयाची आणि विशिष्ट परिस्थितीची असते; परस्पर समजूत आणि विश्वास यांवर चालणारी संयुक्त निर्णयाची पद्धत असे तिचे वर्णन कायद्यात आहे आणि पालकाने त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे चालावे, असेही त्यात म्हटले आहे. स्मृतिभ्रंश हा शब्द त्या कायद्याच्या अनुसूचीत सुटा दिलेला नाही, पण मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचे भान यांतले मोठे बिघाड येतात, आणि आम्ही त्याच दाराने आत गेलो.

ही बाब एका आजीपुरती नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे दाखवले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आढळले. आमच्या भागात यात आणखी एक गुंता आहे. ज्या घरात कर्त्या मुलाने आत्महत्या केली आणि सून माहेरी गेली किंवा तिने दुसरे घर केले, तिथे नातवाच्या नावापुढे अ. पा. क. म्हणून आजीचेच नाव लागलेले मी एकाहून अधिक सातबाऱ्यांवर पाहिले आहे. ती आजी विसरू लागली, की एका कागदावर दोन माणसे अधांतरी लटकतात.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढायला आम्ही शासकीय रुग्णालयात गेलो तेव्हाची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तरुण मानसोपचारतज्ज्ञांनी ठरलेल्या चाचणीप्रमाणे विचारले, आजी, हा कोणता महिना? आजी म्हणाल्या, "पोळा झाला ना आता." डॉक्टरांनी शून्य गुण मांडले. मी म्हणाले, डॉक्टरसाहेब, पोळा होऊन सहाच दिवस झाले आहेत, आणि त्यांनी आयुष्यात सप्टेंबर हा शब्द किती वेळा वापरला असेल? त्यांनी क्षणभर विचार केला, शून्य खोडले आणि गुण दिला. त्याने निदान बदलले नाही. आजार होताच, आणि बराच पुढे गेलेला होता. पण रुग्णाबरोबर समाजकार्यकर्ती कशासाठी जाते, असे मला कोणी विचारले तर मी बहुधा हेच सांगते.

आजी स्त्री असल्याने आणि दिव्यांगही असल्याने १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्नाची अट न लागता त्यांना मोफत वकील मिळतो. तो तालुका विधी सेवा समितीकडून मिळाला. अर्ज मोठ्या मुलाने केला. त्याची खबर चाकणला पोहोचली आणि धाकटा चारच दिवसांत गावी हजर झाला. भाऊ आईचे वावर गिळायला निघाला आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याला मी दोष देत नाही. बक्षीसपत्राच्या गोष्टी त्यानेही ऐकल्या होत्या. ओसरीवर दोन्ही भाऊ आणि वर्धेहून आलेली बहीण बसली असताना मी माझ्या वहीतली आजींची तीन वाक्ये, तारखांसह, वाचून दाखवली. बहीण रडू लागली. धाकटा बराच वेळ गप्प राहून म्हणाला, मग पालकाला विकायचा अधिकार देऊ नका, एवढं लिहा. मोठा म्हणाला, "लिहा ना. मले कुठं इकाचं हाये?"

दुसरा अहवाल अकरा पानांचा झाला आणि तो लिहिताना मला सर्वांत जड गेलेला परिच्छेद मोठ्या मुलाबद्दलचाच होता. तो आईला रोज आंघोळ घालतो, तिच्या मागे रात्री नाल्यापर्यंत जातो, आणि त्याच वावराच्या उत्पन्नावर त्याचे घर चालते. यातली पहिली दोन वाक्ये लिहून तिसरे गाळावे असा मोह होतो, कारण माणूस चांगला आहे. पण त्याच २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये म्हटले आहे की साहाय्य करणाऱ्याचे हितसंबंध आणि त्या व्यक्तीचे हितसंबंध एखाद्या आर्थिक व्यवहारात आमनेसामने आले, तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला राहावे. केवळ रक्ताचे नाते आहे म्हणून असा संघर्ष गृहीत धरू नये, असेही त्याच कलमात आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचली की समाजकार्यकर्त्याचे काम कळते. नाते पाहून विश्वास ठेवायचा नाही आणि नाते पाहून संशयही घ्यायचा नाही. जे पाहिले ते लिहायचे आणि तोल न्यायाधीशांवर सोडायचा. मी तिन्ही वाक्ये लिहिली.

आदेश यायला चौदा महिने लागले. मध्ये एक ३१ मार्च उलटून गेला, कर्ज थकीत झाले आणि वेळेवर परतफेड करणाऱ्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेतून मिळणारी व्याजाची सवलत त्या वर्षी बुडाली. ज्या घराने कायद्याची वाट धरली त्याला दंड बसला आणि अंगठा दाबणारे शेजारी बिनव्याजी राहिले. मोठ्या मुलाने मला हे एकदाच बोलून दाखवले, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मी एवढ्या विस्ताराने एकच प्रकरण सांगते आहे, कारण बाकीच्यांत पालकत्वाचा प्रश्न निराळ्या वेशात येतो आणि तिथे २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम अधिक कामी पडतो. एका निपुत्रिक म्हाताऱ्याने पुतण्याला घर बक्षीस दिले आणि पुढल्याच पावसाळ्यात त्याची खाट गोठ्यात गेली. त्याला लकवा मारल्याने बोलता येत नव्हते. त्या कायद्यात ज्येष्ठ नागरिक स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते, इतकेच नव्हे तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी ज्याचा प्रमुख असतो ते न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास कलम २३ खाली परत मिळू शकते. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले, आणि हा कायदा वृद्धांच्या हिताचा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. त्यामुळे कोणी बक्षीसपत्र करणारच असेल, तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात घालून घ्या, एवढे मी ग्रामसभेत ओरडून सांगते. त्या म्हाताऱ्याच्या कागदात ते नव्हते. शेवटी आम्ही समेटाच्या मार्गाने त्याची खाट घरात आणली. घर परत मिळाले नाही.

याच कायद्यात समेट अधिकारी नावाची एक जागा आहे. न्यायाधिकरण सुनावणीपूर्वी प्रकरण त्याच्याकडे पाठवू शकते आणि त्याने एका महिन्यात आपले निष्कर्ष द्यायचे असतात. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या माणसालाही ते काम देता येते. माझ्यासारखीला कायद्याने दिलेली खुर्ची म्हणावी अशी ही एकच. निर्वाह अधिकारी म्हणून जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्याच्या दर्जाचा माणूस असतो, परंतु ज्याच्या टेबलावर शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि आश्रमशाळांच्या चौकश्या यांचे गठ्ठे आहेत, त्याने सत्तर किलोमीटरवरच्या गोठ्यातली खाट कधी पाहायची? पाहते ती आशाताई. पाहतात ते पोलीस पाटील. माझ्याकडे येणाऱ्या दर तीन प्रकरणांतली दोन त्यांच्याच तोंडून कळलेली असतात.

लोक मला म्हणतात, मॅडम, तुम्हीच व्हा ना पालक. एका म्हातारबुवांनी तर एटीएम कार्ड आणि त्याच्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला पिन, दोन्ही माझ्या हातात ठेवले होते; निराधारचा पगार मीच काढून आणून द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. दीड हजार रुपये. मी कार्ड परत केले, पिनचा कागद फाडला, आणि पुढच्या महिन्यात त्यांना रिक्षाने बँकेत नेले, जिथे त्यांचा अंगठा यंत्रावर उठेना. चाळीस वर्षे पऱ्हाटीचा कापूस वेचलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. त्या दिवशी माझे चार तास गेले, आणि ते कार्ड ठेवून घेतले असते तर दहा मिनिटांत काम झाले असते, हा विचार मला आला नाही असे मी म्हणणार नाही. तरी मी कोणाचे कार्ड ठेवत नाही, कोणाच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करत नाही, आणि पालक म्हणून माझे किंवा आमच्या संस्थेचे नाव सुचवत नाही, कारण ज्याच्या हिशेबावर मी नजर ठेवायची तो मीच झाले, तर माझ्यावर नजर कोण ठेवणार?

आजींच्या प्रकरणात न्यायालयाने मोठ्या मुलाला एका वर्षासाठी मर्यादित पालक नेमले. पीककर्जाचे नूतनीकरण आधीच्या रकमेपर्यंत, त्या खात्याचा व्यवहार, औषधोपचार; विक्री, बक्षीस आणि गहाण यांना मनाई; वर्षाअखेर हिशेब आणि समाजकार्यकर्त्याचा भेट-अहवाल. सातबाऱ्यावर अ. पा. क. काही लागले नाही, लागणारही नव्हते. प्रत्येक व्यवहारापूर्वी आजींना त्यांच्या भाषेत सांगावे, असे एक वाक्य त्यात आहे. ते वाचून दाखवले तेव्हा मोठ्याने विचारले, "तिले समजन का पन?" मी म्हणाले, दादा, सांगायचे काम तुमचे आहे.

मागच्या मे महिन्यात मी भेटीला गेले तेव्हा तो बँकेत जायला निघाला होता. पायात चपला घालता घालता तो आईजवळ थांबला, खाली बसला आणि माझ्याकडे न पाहता, जरा अवघडून म्हणाला, "माय, कर्ज काढतो व. बियान्यासाठी." आजींनी त्याला ओळखले की नाही, सांगता येणार नाही. त्यांनी त्याच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावली आणि विचारले, "तूर टाकतं का नाही पऱ्हाटीत?"

"टाकतो ना," तो म्हणाला. आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. "सहा तासाआड एक."

"आठ," आजी म्हणाल्या.